राहिलेला काना

"...पण बदलता येतं की नाही, तेवढंच सांगा, आप्पा."

आप्पांनी डोळ्यावरचं भिंग कपाळावर सरकवलं. चार वर्षांनी आलेला शिष्य दारात उभा होता. खांद्यावरची बॅगही त्यानं अजून उतरवली नव्हती.

"काय बदलता येतं?"

"लॅपटॉपचं ग्राफिक्स कार्ड. जुनं काढून त्या जागी मोठं."

"तुला ठाऊक नाही?"

"...ठाऊक आहे."

"मग?"

धैर्यशील बॅगेचा पट्टा चाळवत राहिला.

आप्पा म्हणजे मसूरच्या पेठेतले रघुनाथ तांबट. वय बहात्तर. वाडवडील हंडे-घागरी घडवणारे. आप्पांनी हातोडा खाली ठेवला आणि डाग द्यायचं सोल्डरिंग हातात घेतलं. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग लॅपटॉप. आसपासच्या तीन तालुक्यांतले निम्मे दुरुस्तीवाले त्यांच्या टेबलाशी बसून शिकलेले. बोलणं मोजकं. हसणं त्याहून मोजकं.

आणि धैर्यशील डुबल त्या सगळ्यांत हुशार. त्याचा हात असा स्थिर, की मोहरीएवढा सुटा भाग चिमट्यात धरला तरी चिमटा हलायचा नाही. हे आप्पांना माहीत होतं. दुर्दैवानं धैर्यशीललाही माहीत होतं.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी तो म्हणाला होता, "आप्पा, आता इथं शिकण्यासारखं काही उरलं नाही."

आप्पा म्हणाले होते, "बरं."

त्यानं कराडला स्टँडजवळ दुकान थाटलं. शनिवार-रविवारी क्लास सुरू केला. इंजिनिअरिंगची पोरं समोर बसायला लागली, त्याला सर म्हणायला लागली. भिंतीवर त्यानं पेंटरकडून मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं: 'सगळे नाही म्हणतील तेव्हा आमच्याकडे या.'

"बस," आप्पा म्हणाले.

तो स्टुलावर बसला. बॅगेतून एक उघडलेला लॅपटॉप काढून त्यानं टेबलावर ठेवला. मदरबोर्ड वेगळा, पंखा वेगळा, स्क्रू एका डबीत.

"कुणाचा?"

"झोरे सरांचा. चित्रकलेचे मास्तर होते. आता रिटायर झालेत."

"काय करतात यावर?"

"...गाव करतात."

आप्पांनी मान वर केली.

मग धैर्यशीलनं तुकड्यातुकड्यानं सांगितलं. सरांचं गाव भैरवणे. ते धरणाच्या पाण्याखाली गेलं तेव्हा सर बावीस वर्षांचे होते. गावातली माणसं तीन वसाहतींत पांगली. रिटायर झाल्यावर सरांनी यूट्यूबवर बघून बघून कॉम्प्युटरवर घरं उभी करायला शिकून घेतलं, आणि अख्खं भैरवणे पुन्हा बांधायला काढलं. कुणाच्या दाराला किती पायऱ्या, कुणाच्या गोठ्याचं तोंड कुठं, पाणवठ्याची वाट कुठून वळत होती. वसाहतींतून म्हाताऱ्या येऊन शेजारी बसायच्या, पडद्यावर बोट ठेवून सांगायच्या, आमची चूल या अंगाला नव्हती रं, त्या अंगाला होती. सर चूल हलवायचे.

एकशेबारा घरं. तीस झाली तोवर लॅपटॉप चालला. साठ झाल्यावर अडखळायला लागला. शंभरीला गाव जरा वळवून बघायचं म्हटलं तरी पडदा मिनिटमिनिटभर थिजून राहायचा.

माघी पौर्णिमेला वसाहतीत भैरोबाची जत्रा. त्या दिवशी सगळ्यांना गाव दाखवायचं, असं सरांनी ठरवलं होतं. म्हणून ते दुकानात आले आणि त्यांनी विचारलं, "याचं ग्राफिक्स कार्ड वाढवता येईल का हो?"

"तू काय म्हणालास?"

"...येईल म्हणालो."

आप्पांनी डबीतले स्क्रू बोटानं सारखे केले.

"आप्पा, मला माहीत होतं ना. या लॅपटॉपात कार्ड वेगळं नसतंच. चिप बोर्डावरच डाग देऊन बसवलेली असते. काढायची सोयच नाही. पण..."

"पण?"

"शनिवार होता. क्लासची पोरं बसली होती."

हे सांगताना त्याचे कान तापले. त्या दुपारी काय झालं होतं ते त्याला लख्ख आठवत होतं. सरांनी प्रश्न विचारला, आणि नऊ पोरांनी एकदम त्याच्याकडे बघितलं. 'नाही' हा शब्द त्याच्या जिभेवर आलाही होता. तेवढ्यात एक पोरगा दुसऱ्याच्या कानाला लागला, "कुठं होतंय ते!" धैर्यशीलनं ते ऐकलं, आणि भिंतीवरच्या अक्षरांकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ठेवून जा, सर."

"मग?"

"एका मेलेल्या बोर्डावरची मोठी चिप काढली. सरांच्या बोर्डावर बसवायला घेतली. बोर्ड... गेला."

"हं."

"तुम्ही बघा ना, आप्पा. तुमच्या हातानं होईल. सुरू झाला की गुपचूप त्यांच्या घरी नेऊन ठेवतो. कुणाला काही सांगायला नको, कुणाला काही कळायला नको."

आप्पांनी बोर्ड हातात घेतला. उजेडाकडे धरून तिरका केला. मधोमध तो किंचित फुगला होता. त्यांनी बोर्ड खाली ठेवला आणि पंखा उचलला.

धैर्यशीलला वाटलं, म्हाताऱ्याचा हात चुकून तिकडे गेला.

पण आप्पांनी पंख्याच्या झाकणाचे तीन स्क्रू काढले. झाकण उचललं. पंखा आणि तांब्याची जाळी यांच्या फटीत चिमटा घातला आणि हळूच ओढला.

धुळीची गादी निघाली. राखी रंगाची, घोंगडीच्या तुकड्यासारखी घट्ट, दोन बोटं रुंद. वाऱ्याची वाट तिनं पुरती बुजवून टाकली होती.

आप्पांनी ती धैर्यशीलच्या तळहातावर ठेवली.

तो बघत राहिला. कुणी सांगायची गरज नव्हती. वारा कोंडला की चिप तापते, तापली की स्वतःला जपायला सावकाश चालते. कार्ड अपुरं नव्हतंच. गुदमरलं होतं. एक ब्रश, चिपला थंड ठेवणारी थोडी नवी पेस्ट, वीस मिनिटांचं काम. आणि तरीही अडलं असतं, तर नजरेआडची घरं तेवढी झाकून ठेवा, एवढं सरांना सांगितलं असतं तरी भागलं असतं. क्लासच्या पहिल्याच दिवशी तो पोरांना शिकवायचा: आधी पंखा बघा.

त्यानं पंखा बघितला नव्हता. चिप काढायच्या घाईत तो बाजूला भिरकावला होता.

"आप्पा..."

आप्पांनी खणातून एक कोरं कार्ड काढलं. त्यांच्याकडे येणाऱ्या प्रत्येक यंत्राचं असं कार्ड असायचं. ते भरल्याशिवाय आप्पा दुरुस्तीला हात लावत नसत. वर मालकाचं नाव, खाली यंत्र, त्याखाली तक्रार, आणि शेवटी एक ओळ: बिघाडाचं कारण.

"भर."

धैर्यशीलनं नाव लिहिलं. यंत्र लिहिलं. तक्रार लिहिली. शेवटच्या ओळीवर पेन थांबलं. मग त्यानं लिहिलं: 'बोर्ड गेला.'

आप्पांनी वाचलं. "कुठं गेला?"

"म्हणजे... जळला."

"मग तसं लिही."

त्यानं 'गेला' खोडून 'जळला' लिहिलं.

"आपोआप?"

"नाही... उष्णता जास्त झाली."

"कशाची?"

"गरम हवेच्या गनची."

"गन कुठं होती?"

बाहेर कुणीतरी सायकल भिंतीला टेकवली. आप्पांनी कार्ड दोन बोटांनी त्याच्यापुढं सरकवलं.

"एक काना राहिलाय."

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. 'जळला' हा शब्द तो बघत राहिला. मोहरीएवढा भाग न थरथरता धरणारा त्याचा हात एवढीशी उभी रेघ ओढताना डळमळला. 'ज'पुढं काना आला.

'जाळला.'

आता बोर्डाच्या आधी तिथं एक माणूस बसवावा लागत होता. त्यानं तोही लिहिला. 'मी.'

आणि ते लिहिल्यावर पुढचं आतून आपोआप बाहेर आलं.

"आप्पा, मी सरांना वेगळंच सांगितलंय."

"काय?"

"...लॅपटॉपात पाणी गेलं होतं म्हणून. आधीच. त्यांच्याच घरात कधीतरी. मी फक्त उघडला, तर आतून गेलेलाच होता."

आप्पांचा चेहरा हलला नाही.

"सर काय म्हणाले?"

"म्हणाले, पाण्यानं आमचं काय सोडलंय, डुबल. मग मलाच हात जोडले. तुमचा वेळ घेतला म्हणाले. हा सांगाडा ठेवून घ्या, तुमच्या पोरांना शिकायला होईल, म्हणाले."

"आणि?"

"आणि परवा मी त्यांची डिस्क परत द्यायला घरी गेलो. गाव डिस्कवर शाबूत आहे, आप्पा. म्हटलं, तेवढं तरी हातात द्यावं. सर घरी नव्हते. शेवंताकाकू होत्या, त्यांच्या मिसेस."

त्यानं पेन टेबलावर ठेवलं.

"काकू मला म्हणाल्या, भाऊ, पाण्याचा तांब्या मीच ठेवायची तिथं. तास तास बसतात, पाणी पीत नाहीत, म्हणून ठेवायची. माझ्याच हातनं सांडलं असणार. हे बोलत नाहीत आता माझ्याशी. मी पण त्या खोलीत पाऊल टाकत नाही. बघा ना, काही होत असलं तर."

"तू काय म्हणालास?"

"...बघतो म्हणालो."



धैर्यशीलला आप्पांकडे बघवेना. त्यानं तळहातावरच्या धुळीकडे बघितलं. तीही बघवेना. चार वर्षांत त्याच्यावर कुणी ओरडलं नव्हतं, आणि आज आप्पांनी ओरडावं, एक थोबाडीत द्यावी, असं त्याला मनापासून वाटत होतं. आप्पांनी भिंग पुसलं.

शेवटी त्यानंच विचारलं, "बोर्ड होईल का, आप्पा?"

"होईल बहुतेक."

"मग?"

"म्हणून करणार नाही."

एवढं बोलून आप्पांनी कार्डाची घडी घातली आणि त्याच्या खिशात सरकवली. बोर्ड स्वतःच्या खणात टाकला, खण लावला, आणि दुसऱ्याच कुणाच्या रेडिओकडे वळले.

*

धैर्यशील वसाहतीत पोचला तेव्हा चार वाजले होते. मोटारसायकल त्यानं लांबच लावली. येताना वाटेत दुकानातून स्वतःचा लॅपटॉप घेतला होता. क्लास घेण्यासाठी हौसेनं घेतलेला, दुकानातला सगळ्यांत दमदार.

सर ओट्यावर बसले होते. पुढ्यात कागद होता. भैरवण्याचं एक घर पेन्सिलनं काढत होते.

"या, डुबल. बसा."

तो बसला नाही. वाटेत जुळवलेली चार वाक्यं होती. त्यातलं एकही आठवेना. त्यानं खिशातून कार्ड काढलं आणि सरांच्या हातात दिलं.

सरांनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं.

"म्हणजे पाणी..."

"पाणी नव्हतं, सर. काकूंच्या तांब्याचा थेंबसुद्धा नव्हता. कार्ड वाढवता येत नाही हे मला तेव्हाच माहीत होतं. पोरांसमोर नाही म्हणवेना. मी जाळला. आणि वर खोटं बोललो."

सरांनी चष्मा काढला. त्यांच्या मानेवरची शीर तटतटली. आता हे ओरडणार, असं धैर्यशीलला वाटलं. पण सर ओरडले नाहीत. त्यांची नजर हळूहळू खाली गेली.

"मी बोललो तिला," ते म्हणाले. धैर्यशीलला नव्हे, कागदाला सांगितल्यासारखं. "एकदा धरणानं बुडवलं, एकदा तू बुडवलंस, असं बोललो. चाळीस वर्षांच्या संसारात... असं कधी बोललो नव्हतो."

दाराशी शेवंताकाकू कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, दोघांनाही कळलं नाही. हाताला पीठ लागलेलं. त्यांनी सगळं ऐकलं होतं. धैर्यशीलकडे त्यांनी बघितलंच नाही. नवऱ्याकडे बघून हळू आवाजात विचारलं,

"मग आता मी त्या खोलीत आले तर चालंल?"

दोन पुरुष ओट्यावर माना खाली घालून होते. काकू थोडा वेळ थांबल्या आणि पीठ मळायला आत गेल्या.

सरांनी लॅपटॉप सहज घेतला नाही. "भरपाई म्हणून नको," म्हणाले. "जत्रेपुरता द्या. नंतर माझं मी बघीन." धैर्यशील हो म्हणाला. त्यांनी क्षमा केली असं काही ते म्हणाले नाहीत, आणि ती मागायचं धाडस त्याला झालं नाही. डिस्क जोडून, गाव उघडून देऊन तो निघाला. निघताना त्या खोलीच्या उंबऱ्यावर काकू उभ्या होत्या. आत पडद्यावर भैरवणे वळत होतं, कुठंही न अडता. काकूंनी एक पाऊल आत टाकलं.

दुसऱ्या दिवशी शनिवार. क्लासला पोरं जमली. धैर्यशीलनं जाळलेल्या बोर्डाची हकीकत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली, तांब्यासकट. पोरं अवघडली. कुणी वहीत डोकं घातलं. एकजण मधूनच उठून गेला, तो पुन्हा आला नाही. पुढच्या आठवड्यात नऊपैकी पाच उरले.

जत्रेच्या दिवशी मंडपात पांढरं धोतर ताणून पडदा केला होता. सरांनी गाव दाखवलं. तिन्ही वसाहतींतली माणसं दाटीवाटीनं बसलेली. कुणी आपलं दार ओळखून रडलं, कुणी मेलेल्या भावकीशी बांधावरून पुन्हा भांडलं. धैर्यशील सगळ्यांत मागं, खांबाला टेकून उभा होता. सरांनी सगळ्यांचे आभार मानले. त्याचं नाव घेतलं नाही. ते घेतलं नाही, हे त्याला बरं वाटलं.

*

आठ दिवसांनी तो पुन्हा मसूरला गेला. या खेपेला दारात उभा राहिला नाही. चपला काढून सरळ स्टुलावर बसला.

आप्पा एका बोर्डावर वाकले होते.

"सांगितलं, आप्पा. सरांना, काकूंना. पोरांनाही."

"हं."

"भिंतीवरची अक्षरं पुसली. आता कुणी कार्ड वाढवायचं विचारलं, की नाही म्हणतो. मग पंखा बघतो."

"हं."

"सरांनी माझा लॅपटॉप परत केला, हप्त्यानं दुसरा घेतला. काही अडलं तर फोन करतात. नीट बोलतात. काकू चहा देतात..." त्यानं स्टूल पुढं ओढलं. "पण तो चहा गिळवत नाही. माझं मन साफ व्हायला पाहिजे होतं ना, आप्पा? सगळं सांगून टाकलं. मग ही लाज का जात नाही? रोज सकाळी शटर उचललं की ती पुढ्यात उभी असते. किती दिवस राहते ही?"

आप्पांनी सोल्डरिंग स्टँडवर ठेवलं. स्विच बंद केला. भिंग काढून टेबलावर ठेवलं.

धैर्यशीलनं त्यांच्याकडे बघितलं आणि तो चपापला. भिंगाशिवाय आप्पांचे डोळे त्यानं फारसे कधी बघितलेच नव्हते. ते खूप थकलेले होते. आणि आप्पा त्याच्याकडे बघत नव्हते. टेबलाची कड बोटानं पुसत होते, पुसलेलीच पुन्हा पुसत होते.

"आप्पा...?"

आप्पा उठले. खुंटीवरची टोपी काढली. ती डोक्यावर घालायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

"वाठारला एक घर आहे, धैर्या... त्यांच्या कार्डावरची शेवटची ओळ मी खरी लिहिली नव्हती. छत्तीस वर्षं मी त्या रस्त्यानं गेलो नाही. गाडी काढ. आणि दारापर्यंत माझ्याबरोबर चल."